बाटलीवरचे दहा रुपये खरे कशावरून?

शिर्डीत पाण्याची बाटली घेतलीत की लेबल बघा. 2018 च्या प्लास्टिकबंदीत महाराष्ट्राने बाटलीवर परताव्याची किंमत छापायला सांगितली होती. पण असा आकडा कुणीही छापेल ना! बारकोडही एका मालावर एकच. झेरॉक्स काढली की झालं.

जर्मनीत अनामत 25 सेंट, म्हणून चिन्ह खास शाईत. मशीन ती शाई इन्फ्रारेड प्रकाशात तपासतं, बाटली चेपून टाकतं.

केदारनाथला 2022 मध्ये 10 रुपयांसाठी प्रत्येक बाटलीला वेगळा क्यूआर दिला. एकदा स्कॅन, नंबर बाद. स्वस्त आहे, पण मला एक खटकतं: कोडची नक्कल दुसऱ्या बाटलीवर चिकटवून कुणी आधी पैसे उचलले, तर खरी बाटली आणणारी कचरावेचक बाई रिकाम्या हाताने परतते.