घन, कवच आणि चौकट : नित्य परिचयाच्या वस्तूंची संरचना

वस्तूवर येणारा भार जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो, या एका प्रश्नावरून संरचनांचे घन, कवच आणि चौकट असे तीन प्रकार मानले जातात. अध्यापनात ही विभागणी बहुधा पाठ्यपुस्तकातील आकृत्यांवर सोडून दिली जाते. वस्तुतः वऱ्हाडातील कोणत्याही गावात तिची उदाहरणे हाताशी आहेत. प्रस्तुत लेखात हिवरखेड परिसराच्या आधारे तिचे विवेचन केले आहे.

हिवरखेड ज्या तेल्हारा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात वारी भैरवगड येथे वान नदीवर बांधलेले धरण हे घन संरचनेचे ठळक उदाहरण होय. ते गुरुत्वीय धरण असल्यामुळे पाण्याचा रेटा मुख्यतः स्वतःच्या वजनाने थोपविते. १० मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १० टन भरतो व खोलीबरोबर वाढत जातो. म्हणून अशा धरणाचा पाया रुंद आणि माथा अरुंद असतो. जाते, उखळ, पाटा ही याच कुळातील.

माठाचे तसे नाही. त्याची भिंत पातळ असते. परंतु तिच्या वक्रतेमुळे भार एका जागी न साचता पृष्ठभागावर पसरतो. कवच संरचनेचे बळ आकारात असते, जाडीत नव्हे. तिचा वैरी म्हणजे एकाच बिंदूवर येणारा भार. माठाखाली किंवा डोक्यावरील घागरीखाली चुंबळ ठेवणाऱ्या स्त्रिया हेच तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आल्या आहेत.

बाज ही चौकट संरचना. झोपणाऱ्याचे वजन सुतळीच्या ताणातून गात्यांवर, गात्यांवरून खुरांवर जाते. सांधे सैल झाले की ती डगमगते, कारण चौकोन कलंडतो. त्रिकोण कलंडत नाही. सायकलच्या सांगाड्यात त्रिकोण येतात ते यासाठीच.

घर मात्र या विभागणीत सहजी बसत नाही. वऱ्हाडातील जुन्या धाब्याच्या घरांना पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आढळतात. उन्हाळ्यात त्या सुखाच्या, हे मान्यच. परंतु जाडी म्हणजे मजबुती हा समज किती महाग पडतो, ते मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरातील भूकंपात दिसले. त्यात सुमारे ८ हजार माणसे दगावली. तेथील दगड-मातीच्या जाड भिंतींचे आतील व बाहेरील थर एकमेकांत नीट गुंतविलेले नव्हते. धरणाच्या कामी येणारे वजन येथे उलटले : जमीन हादरते तेव्हा वस्तुमान जितके अधिक, तितके तिच्यावरील जडत्वबलही अधिक. भिंतींचे थर विलग होऊन ढासळले आणि त्यांच्या आधारावरील मातीची जड माळवदे खाली आली. जेथे माळवद लाकडी खांब-तुळयांवर पेललेले होते, तेथे भिंती पडूनही सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे आढळली.

म्हणून जुन्या घराची दुरुस्ती काढताना तुळईचे टोक खांबावर टेकले आहे की भिंतीत शिरले आहे, हे आधी पाहावे. खांबावर टेकले असल्यास भिंत बहुतांशी आडोसाच असते. भिंतीत शिरले असल्यास तीच भार पेलते. तीत नवे दार काढावयाचे तर प्रथम तुळईला टेकू द्यावा लागतो. भिंतीला वरून गिलावा असेल, तर तो थोडा उकरल्याखेरीज हे कळत नाही.