पाइनच्या रानातला ऑगस्ट

पहाटे 4:15
ब्रोकन बो गाव अजून झोपेत. ओक्लाहोमा राज्याचा हा आग्नेय कोपरा, मॅककर्टन काउंटी. रस्त्यावर आमची पिकअप, एखादा ओंडक्यांचा ट्रक आणि कडेला कोंबड्यांची लांबलचक शेडं. अमेरिकेच्या दक्षिणेत लावतात तो लॉबलॉली पाइन अटलांटिकच्या किनाऱ्यापासून पसरत इथवर येतो. आणखी पश्चिमेला पाऊस त्याला पुरत नाही. इथे वर्षाला 1,300 मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे तसा भरपूर, पण ऑगस्टची हवा सगळं शोषून घेते. 2012 मध्ये व्हर्जिनिया, जॉर्जिया, फ्लोरिडा आणि ओक्लाहोमा अशा चार राज्यांत एकसारखा प्रयोग मांडला गेला. त्यातला हा कोरडा कोपरा माझ्या वाट्याला आला.

4:45
कपाळावर दिवा. लांब दांड्याच्या कात्रीने डहाळी पाडायची, त्यातला सुयांचा एक जुडगा घ्यायचा (लॉबलॉलीच्या सुया तीन-तीनच्या जुडग्याने येतात) आणि पोलादी दाबपात्रात उलटा बसवायचा, कापलेलं टोक रबराच्या बुचातून बाहेर ठेवून. मग नायट्रोजनचा दाब हळूहळू वाढवत भिंगातून त्या टोकाकडे बघत राहायचं. पाणी चमकलं की आकडा टिपायचा. जेवढ्या दाबाला पाणी बाहेर येतं, तेवढ्या ओढीने झाडाने ते धरून ठेवलेलं असतं. रात्री सुयांवरची रंध्रं मिटलेली असतात, त्यामुळे उजाडेपर्यंत झाड आणि माती बरोबरीला येतात. म्हणजे आकडा सुईचा, पण खबर मुळांजवळच्या ओलीची. सहा-सात बार आला तर काळजी नाही. सूर्य वर आला की हे माप हातचं जातं, म्हणून चहासुद्धा नंतर.

6:30
खोडांना स्प्रिंग लावलेल्या पोलादी पट्ट्या बांधल्या आहेत. खोड जाड झालं की पट्टी सरकते, आणि ते सरकणं कॅलिपरने मोजायचं. खोड रात्री पाणी भरून फुगतं आणि दुपारी आकसतं. एक झाड सकाळी आणि दुसरं जेवणानंतर मोजलं तर वहीत झाडांची वाढ नव्हे, आमचा आळस नोंदला जाईल.

8:00
झाडं 2008 सालची, ओळीत दोन-दोन मीटरवर, दोन ओळींत तीन मीटर. एकूण सोळा प्लॉट. काहींना नुसता पाऊस. काहींना 2012 मध्ये खत, हेक्टरी 224 किलो नत्र, सोबत स्फुरद आणि पालाश. काहींत लाकडी चौकटींवर पारदर्शक प्लास्टिक ताणून तीस टक्के जमीन झाकलेली, म्हणजे तेवढा पाऊस पन्हळीतून प्लॉटबाहेर जातो. आणि काहींत खतही, झाकणही. सकाळचा बराच वेळ फाटलेलं प्लास्टिक बदलण्यात जातो. प्रबंधात ते एका वाक्यात आटोपतं, पण चौकटीखाली गांधीलमाश्यांचं घर असेल तर एका प्लॉटला तासभर लागतो.

9:45
दिवसातलं माझं आवडतं काम. सुया यंत्राच्या काचपेटीत धरायच्या. आत गेलेला कार्बन डायऑक्साइड किती घटला आणि वाफ किती वाढली, हे पडद्यावर दिसतं. झाड एकाच दारातून अन्नाचा कच्चा माल आत घेतं आणि त्याच दारातून पाणी गमावतं. पावसात कपात झाली तर ते दार आवळतं, वाढ मंदावते. इथवर सगळ्यांनाच अपेक्षित होतं. खतामुळे मात्र मी गोंधळले. खत मिळालेली झाडं जोमाने वाढतात, म्हणजे पाणीही जास्त ओढत असणार आणि दुष्काळात आधी तीच माना टाकणार, असा माझा हिशेब होता. इथे दिसलं वेगळंच. खताच्या झाडांनी रंध्रं आवळली, पण प्रकाशसंश्लेषण घटलं नाही. तेवढ्याच पानोऱ्यावर त्यांनी खोड जास्त भरलं. कमी पावसाचा तोटा या प्लॉटांत खताने भरून काढला. ओक्लाहोमाच्या या रानाबद्दल 2016 आणि 2017 मध्ये जे निष्कर्ष छापून आले त्यांचा गाभा हाच. मात्र मुळांना काहीच ओल नसेल, तर खताच्या गोण्यांचा काय उपयोग?

दुपारी 1:30
पुन्हा दाबपात्र. आता आकडा पंधरा बारच्या पुढे. सावलीत 38 अंश. हवा एका अंशाने तापली की तिची वाफ धरण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे पाऊस तेवढाच राहिला तरी उष्मा वाढला की झाडाचा खर्च वाढतो. हवामानबदल म्हटलं की लोक पावसाचंच विचारतात.

3:00
सावलीत डबा. नॉर्थ कॅरोलायनाच्या रेताड जमिनीवर 1992 मध्ये याच्या उलट प्रयोग सुरू झाला होता, तिथे पाणी द्यायचे. खताने खोडाची वाढ दुपटीवर गेली, नुसत्या पाण्याने त्यामानाने थोडीच. दक्षिणेत 1952 साली लावलेले पाइन 20 लाख एकरांहून कमी होते, शतक संपताना 3.2 कोटी एकर. तोवर तोडणीचं वयही निम्म्यावर आलं होतं. निवडक बियाणं, तणनाशक, खत, विरळणी, सगळं त्यात आलं.

5:00
जाळ्यांत पडलेल्या सुया पिशव्यांत भरल्या. या सुया गेल्या वर्षी फुटलेल्या. गेल्या वर्षीचा पाऊस असा यंदाच्या पानोऱ्यातही बसलेला असतो.

रात्री 8:45
घरी फोन. तिकडे वरूडला सकाळचे सव्वासात. बाबा संत्र्याच्या बागेत उभे. बहारासाठी पाणी तोडून झाडांना ताण देणारा माणूस, त्यांना प्रयोग समजावून सांगावा लागला नाही. शंका मात्र होती.

“खताचे पैसे लाकडात निघतात का पण?”

“लाकडाच्या भावावर आहे, बाबा. इथले जमीनमालक बहुतेक विरळणी झाल्यावर घालतात. उरलेल्या झाडांना पसरायला जागा असते ना तेव्हा.”

“अन् पाऊस नसला तर?”

“तर थांबायचं.”

“मंग मी बी थांबतो. पंधरा दिवस झाले, थेंब नाही. युरिया घरात पडून हाय.”