आपटेच्या हातातली बॅट

माधव आपटे बँकेत कारकून. सकाळी डोंबिवलीहून लोकल, संध्याकाळी त्याच रेटारेटीतून घरी. लाच द्यायची नाही, नियम मोडायचा नाही, एवढाच त्याचा हट्ट, आणि त्यापायी घरीदारी बोलणी. एक दिवस दुकानदार बाटलीवरच्या छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागतो आणि आपटे क्रिकेटची बॅट उचलतो. निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’मधला (२००५) संदीप कुलकर्णी यांचा हा आपटे पाहताना ती बॅट आपल्याच हातात आहे, असं वाटून जातं.

का वाटतं? काउंटरवरच्या माणसाला, नर्सला, कंडक्टरला, कॉल सेंटरमधल्या मुलीला चिडायची मुभा नसते. समोरचा कितीही ओरडला तरी आपला आवाज खालीच ठेवायचा, हाही कामाचाच भाग. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी हवाईसुंदरींचा अभ्यास करून १९८३ मध्ये अशा कामाबद्दल पुस्तकच लिहिलं. अशा कामाला त्यांनी नाव दिलं, भावनिक श्रम. दिवसभर गिळलेला राग घरी येईपर्यंत जिरतोच असं नाही.

त्यात वाटेतच मोबाईल उघडला जातो. खून, बलात्कार, जमावाची मारहाण, तीच चित्रफीत पुन्हा पुन्हा. तिचा भार मनावर खरोखर पडतो. २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून अधिक काळ त्याच बातम्या पाहणाऱ्यांनी, स्फोटांच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त तीव्र ताण जाणवल्याचं संशोधकांना सांगितलं.

इतकं पाहायचं आणि करता काहीच येत नाही. नेमका इथे पडद्यावरचा एकांडा सूड घेणारा आपला वाटू लागतो. त्याच्या कथेत एक मोठी सोय असते: गुन्हा कोणी केला, हे प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. संशयाला जागाच नाही, मग वकील आणि तारखा हव्यात कशाला? हॉलिवूडच्या ‘डेथ विश’मध्ये (१९७४) चार्ल्स ब्रॉन्सन न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर गुंडांना टिपतो. मूळ कादंबरीकार ब्रायन गारफील्ड यांना सिनेमातला सूडाचा हा गौरव इतका खुपला, की त्यांनी वेगळा सूर लावणारी पुढची कादंबरी लिहिली.

वास्तवात ही सोय कोणालाच नसते. २०१९ च्या नोव्हेंबरात हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवर बलात्कार करून तिला ठार मारण्यात आलं. देश हादरला, आणि तो संताप रास्तच होता. ६ डिसेंबरला पहाटे चारही आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. पोलिसांवर फुलं उधळली गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०२२ मध्ये त्याचा अहवाल उघड झाला: पोलिसांनी सांगितलेली चकमकीची हकिगत विश्वास ठेवण्याजोगी नाही, गोळ्या ठार मारण्याच्याच हेतूने झाडल्या, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. मेलेल्या चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असंही आयोगाने नोंदवलं.

त्या चौघांवर खटला उभा राहिलाच नाही. त्यामुळे त्या डॉक्टर तरुणीला कोणी मारलं, हे एकाही न्यायालयात साक्षीपुराव्याने सिद्ध झालेलं नाही.