उल्हास आणि पाताळगंगा: दोन खोऱ्यांची सायकलवाट

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे, म्हणजे 1981 पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचे, समुद्रापासून आत सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले दोन तालुके. मुंबई-पुण्याच्या प्रवाशाने त्यांची हद्द असंख्य वेळा ओलांडलेली असते, तरी त्यातील एखाद्या नदीचे नाव त्याला विचारावे तर बहुधा उत्तर मिळत नाही. ज्याला हा मुलूख खरोखर जाणून घ्यावयाचा आहे, त्याने कर्जतहून निघून पळसदरी, खोपोली, महड, खालापूर आणि चौक अशी प्रदक्षिणा करीत पुन्हा कर्जतला आणणारी वाट सायकलीने धरावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मोटारीत बसणाऱ्यास भूमीचा उतार जाणवत नाही. सायकलस्वारास मात्र प्रत्येक चढणीचे मोल स्वतःच्या पायांनी चुकते करावे लागत असल्यामुळे, कोणते पाणी कोणीकडे वाहते हे त्याला नकाशावाचून उमगते.

राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कोंढाण्याच्या प्राचीन बौद्ध लेण्यांखालच्या अरण्यातून कर्जतला येते आणि उत्तरेकडे वळून नेरळ, बदलापूर, कल्याण करीत वसईच्या खाडीला मिळते. खंडाळ्याच्या कड्यांखालची पाताळगंगा मात्र खोपोलीवरून पश्चिमेची वाट धरून धरमतरच्या खाडीकडे जाते. एकाच पर्वतभिंतीच्या या दोन कन्यांना विभक्त करणारा उंचवटा पळसदरी आणि खोपोली यांच्या दरम्यान इतक्या सौम्यपणे पसरलेला आहे, की केळवली-डोलवलीवरून जाणाऱ्या गाडीतील उतारूस आपण एक खोरे सोडून दुसऱ्यात उतरलो याची वार्ताही नसते.

रस्त्याची सोबत करणारा हा खोपोलीचा फाटा 1856 सालचा, म्हणजे बोरघाटातील लोहमार्गापेक्षाही जुना आहे. 1863 मध्ये घाटातून गाडी सुरू होईपर्यंत पुण्याकडे जाणाऱ्याचा लोहमार्गाचा प्रवास खोपोलीस खंडित होत असे आणि तेथून पालखी, घोडे, नाहीतर बैलगाडी करून घाट चढावा लागे. त्याही आधी पेशवाईत घाटाखाली उतरलेल्या वाटसरूंच्या मुक्कामाची सोय व्हावी म्हणून नाना फडणविसांनी येथे तलाव आणि महादेवाचे देवालय बांधविले. ते पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

परंतु खोपोलीत खरे थांबावयाचे ते डोंगरावरून उतरणाऱ्या प्रचंड जलवाहिन्यांसमोर. जमशेटजी टाटांनी कल्पिलेली आणि त्यांच्या पश्चात 1915 मध्ये सिद्धीस गेलेली ही जलविद्युत योजना प्रथम मुंबईच्या गिरण्यांसाठी उभी राहिली. घाटमाथ्यावरील वळवण आणि शिरोता या तलावांतील पाणी सुमारे 500 मीटर खाली सोडून त्याच्या वेगावर येथे वीज निर्माण केली जाते. हे पाणी मूळचे इंद्रायणीच्या खोऱ्यातले. मनुष्याने हात घातला नसता तर ते भीमेतून आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरास मिळाले असते. आता ते वीज देऊन पाताळगंगेत शिरते, आणि कोकणातील इतर नद्या वैशाखात वाळूच्या पट्ट्यांवर येतात तेव्हाही ही नदी वाहती राहते. त्या पाण्यावर पुढे कारखाने आणि गावे जगतात हे खरेच, पण पूर्वेकडील कोरड्या मुलुखाच्या वाट्याचे पाणी आपण पश्चिमेस वळविले, याचाही विचार येथे उभ्या राहणाऱ्याने अवश्य करावा.

खोपोलीहून पालीच्या रस्त्याने आडवाट केल्यास चावणी गावाजवळची उंबरखिंड लागते. फेब्रुवारी 1661 मध्ये घाट उतरून कोकणात शिरू पाहणाऱ्या कारतलबखानाच्या सैन्यास शिवाजी महाराजांनी येथील दाट झाडीत कोंडले आणि शरण आणले. थोड्या फौजेने मोठ्या फौजेचा मार्ग कसा रोखला असेल, हे त्या अरुंद दरीत सायकल हाती धरून चालताना कळते. महडच्या वरदविनायकाचे दर्शन मात्र मुख्य वाटेवरच घडते.

खालापूरपासून चौकपर्यंतचा रस्ता जुन्या मुंबई-पुणे मार्गाचा असून त्यावर अवजड वाहनांचा राबता मोठा आहे. द्रुतगती मार्गावर सायकलीस मनाई असल्यामुळे दुसरा इलाज नाही, म्हणून हा टप्पा भल्या पहाटे उरकावा. चौकला इर्शाळगडाचा सुळका समोर येतो. त्याच्या उतारावरील इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळून गाडली गेली. या डोंगरांना केवळ शोभेची वस्तू मानून त्यांच्याकडे पाहणे मला तेव्हापासून अशक्य झाले आहे; ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या ज्या उतारांवर पिढ्यानुपिढ्या नांदतात, त्यांची सुरक्षितता हा या प्रदेशाचा पहिला प्रश्न आहे.

चौकहून एक चढण ओलांडली की पुन्हा उल्हास नदीचे खोरे लागते. ज्यास आणखी एक दिवस सवड असेल त्याने कर्जतहून कडाव, कशेळे या मार्गाने कोथळीगडाच्या पायथ्याचे आंबिवली किंवा भीमाशंकराच्या अरण्याखालचे खांडस गाठावे. साग, ऐन, खैर आणि मोह यांची ही राने पेज नदीच्या खोऱ्यात येतात, आणि पेजेचीही कथा पाताळगंगेसारखीच आहे: ठोकरवाडी धरणाचे पाणी 1922 पासून भिवपुरीच्या वीजगृहातून तिला मिळते. हे वीजगृह लोहमार्गावरील भिवपुरी रोड स्थानकापासून बरेच दूर, पूर्वेस डोंगराखाली आहे, हे नवख्या प्रवाशाने ध्यानात ठेवावे. त्याच पाण्यावर राजनाला कालव्याच्या काठी कर्जतचा शेतकरी उन्हाळी भात घेतो, म्हणून चैत्रातही येथे हिरवी खाचरे दिसतात.

या साऱ्या प्रवासास आश्विन-कार्तिकाचा काळ उत्तम. आषाढ-श्रावणात आडरस्त्यांवरील फरश्यांवरून पाणी वाहते. ते कितीही उथळ भासले तरी सायकल त्यात घालू नये आणि ओसरेपर्यंत जवळच्या वाडीत निमूटपणे थांबावे.