सुपरझूम भिंग
सुपरझूम भिंग : रुंदकोनी भिंगापासून दूरछायाचित्रण भिंगापर्यंतची केंद्रांतरे एकाच नळीत उपलब्ध करून देणारे छायाचित्रण भिंग. ज्याचे कमाल केंद्रांतर किमान केंद्रांतराच्या सुमारे दहापट वा अधिक असते, अशा झूम भिंगास सामान्यतः ही संज्ञा लावतात. ३५ मिमी. फिल्मच्या स्थिर कॅमेऱ्यासाठी १९५९ मध्ये निघालेल्या ‘झूमार’ या आद्य झूम भिंगाची व्याप्ती ३६ ते ८२ मिमी. एवढीच होती.

झूम भिंगातील घटकभिंगे गटागटांनी बसविलेली असतात. बाहेरील कडे फिरविले की, हे गट अक्षाच्या दिशेने सरकतात. त्यांमधील अंतरे बदलतात व त्यामुळे केंद्रांतर बदलते. मात्र एका केंद्रांतरास प्रतिमेतील जे विपथन दूर होते, ते दुसऱ्या केंद्रांतरास पुन्हा डोके वर काढते. म्हणून अगोलीय पृष्ठाची भिंगे व अत्यल्प अपस्करणाची काच वापरून सर्व केंद्रांतरांना चालेल असा मध्यम मार्ग काढावा लागतो.

डीएसएलआर कॅमेऱ्यांपैकी पुष्कळांतील संवेदक सुमारे २४ × १६ मिमी., म्हणजे ३६ × २४ मिमी.च्या फिल्म-चौकटीहून लहान असतो. लहान क्षेत्रावरच प्रतिमा पाडावयाची असल्याने भिंग आटोपशीर करता येते. निकॉन कंपनीच्या २००५ मधील १८–२०० मिमी. भिंगात १२ गटांत १६ घटक असून त्याचे वजन सुमारे ५६० ग्रॅ. होते. दृश्यकोनाच्या दृष्टीने ते फिल्म कॅमेऱ्यावरील २७–३०० मिमी. भिंगाशी तुल्य होय. टॅमरॉन कंपनीने २०१७ मध्ये ही व्याप्ती १८–४०० मिमी.पर्यंत नेली.

या सोयीचे मोल प्रतिमेच्या गुणवत्तेत द्यावे लागते. आखूड केंद्रांतरास इमारतींच्या सरळ कडा बाहेर फुगल्यासारख्या, तर त्याहून मोठ्या केंद्रांतरास आत वळल्यासारख्या दिसतात. निकॉनच्या उपर्युक्त भिंगाचे महत्तम छिद्र १८ मिमी.ला एफ/३·५, तर २०० मिमी.ला एफ/५·६ असते. म्हणजे संवेदकावरील प्रकाश सुमारे अडीचपटीने घटतो. कंपनिवारक यंत्रणेने हाताच्या कंपामुळे येणारी अस्पष्टता कमी होते. परंतु धावत्या खेळाडूची वा उडत्या पक्ष्याची गती तिला थोपविता येत नाही.

तथापि प्रवासात भिंग बदलण्याचा वेळ वाचतो व उघड्या कॅमेऱ्यात धूळ शिरण्याचा धोका टळतो. बदलत्या भिंगांच्या खटाटोपात हुकणारा प्रसंग या भिंगाने टिपता येतो, हेच त्याचे खरे महत्त्व. पुढे आरसाविरहित कॅमेऱ्यांचा प्रसार झाला, तरी याच कारणामुळे त्यांच्यासाठीही अशी भिंगे तयार करण्यात आली.