ठाण्याला आलेली पहिली रेल्वे घरात बनवायची, तर घोडं अडतं पावणेतीन मिलिमीटरवर

ठाणे स्टेशनवर पूर्वेला उतरलं की कोपरी. एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला खाडी. इथल्या माणसाला रेल्वेचं कौतुक कमीच, कारण रोजचा दिवस उजाडतो तोच लोकलच्या भोंग्याने.

पण दरवर्षी १६ एप्रिल आला की एक पोस्ट हमखास फिरते. १८५३ साली याच दिवशी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी रेल्वे सुटली. २१ तोफांची सलामी झाली. १४ डबे, ४०० पाहुणे, आणि गाडी ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. ३४ किलोमीटर कापून गाडी ठाण्याला पोचली.

सोबत बरेचदा एक जुना फोटो असतो. खाडीवरचा दगडी पूल आणि त्यावरून जाणारी गाडी.

आता गंमत बघा. त्या दिवशी रेल्वे ठाण्यापर्यंतच होती. खाडी ओलांडून कल्याणपर्यंतचा मार्ग सुरू झाला १ मे १८५४ रोजी. म्हणजे पुलावरची गाडी ही त्या दिवसाची गाडी असूच शकत नाही.

फॉरवर्ड करणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, पण रेल्वेचं मॉडेल बनवणाऱ्याला पडतोच. कारण त्याला ती गाडी नुसती बघायची नसते, डब्यासकट आणि चाकासकट उभी करायची असते.

मॉडेल म्हणजे खेळणं नव्हे का?

फरक आहे तो मापाचा. खेळण्यातली आगगाडी कशीही असली तरी चालते. मॉडेल रेल्वेत मात्र खऱ्या गाडीचं प्रत्येक माप एकाच प्रमाणात लहान करतात. जगात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण आहे एचओ, म्हणजे १ : ८७. खऱ्या गाडीचे ८७ मिलिमीटर म्हणजे मॉडेलचा १ मिलिमीटर.

या हिशोबाने १२ डब्यांची लोकल बनवली तर ती पावणेतीन मीटरच्या आसपास जाते. कोपरीतल्या वन रूम किचनची एक भिंत तिथेच संपली. आणि बोरीबंदर ते ठाणे हे अख्खं अंतर मांडायचं म्हटलं, तर जवळपास ३९० मीटर रूळ लागतील. म्हणून मॉडेलवाले सगळा मार्ग मांडत नाहीत. एखादं स्टेशन, एखादा पूल, एखादं वळण निवडतात आणि मधलं अंतर गाळतात. गाड्या आणि इमारती मात्र मापातच राहतात.

मग पावणेतीन मिलिमीटरचं काय?

एचओचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे मिळतात. ८७ ने गुणलं की येतात १४३५ मिलिमीटर. ही युरोप-अमेरिकेतली प्रमाणित रुंदी. पण आपली ब्रॉडगेज आहे १६७६ मिलिमीटरची, म्हणजे साडेपाच फूट. १८५३ ची गाडीही याच रुंदीच्या रुळांवर धावली. तिला ८७ ने भागलं की येतात १९.२६.

फरक २.७६ मिलिमीटरचा. ऐकायला काहीच नाही, पण समोरून बघितलं की भारतीय गाडी तयार रुळांवर अंग चोरून उभी असल्यासारखी दिसते. मग दोनच वाटा उरतात. तयार रूळ वापरून डोळेझाक करायची, नाहीतर रूळ आणि चाकांचे आस स्वतः बनवायचे. भारतीय गाड्यांची मॉडेलं करणारे बरेच जण पहिली वाट धरतात, कारण दुसरीत वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

खरी अडचण पुढेच आहे

रुळांचं गणित निदान सुटतं. इंजिनाचं काय करायचं? साहिब, सिंध आणि सुलतान इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीत तयार झाले. पण आज जाऊन टेप लावावी असं त्यातलं एकही इंजिन कुठे जपून ठेवलेलं नाही. उरलीत ती रेखाचित्रं आणि कागदोपत्री वर्णनं. त्यांवरूनच मॉडेल उभं करायचं.

याच्या उलट माथेरानची गाडी घ्या. आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली ही दोन फुटी नॅरोगेज १९०७ साली सुरू झाली. तिची वाफेची जुनी काही इंजिनं जतन झाली आहेत. म्हणून माथेरानचं मॉडेल करणाऱ्याला अंदाज लावत बसावं लागत नाही.

मॉडेल बघायचं असेल तर?

पुण्यात कोथरूडला बी. एस. जोशी यांनी उभं केलेलं लघु रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. छोटं शहर, सिग्नल, उड्डाणपूल, दिव्याचे खांब आणि त्यांतून धावणाऱ्या गाड्या एकाच मांडणीत बघायला मिळतात. सिग्नल पडल्यावर गाडी का थांबते आणि सांधा बदलला की ती दुसऱ्या रुळावर कशी जाते, हे पोरांना तिथे उभ्या उभ्या कळतं.

यात कोपरीकरांचं काय?

नाहीशी होते ती फक्त १८५३ ची गाडी नाही. मुंबईची विजेवरची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी सुरू झाली ती १५०० व्होल्ट डीसीवर. शेवटची डीसी लोकल धावली एप्रिल २०१६ मध्ये. म्हणजे ज्या गाड्यांना लटकून लोकांनी नोकऱ्या केल्या, त्या आज दहावीतल्या पोराला आठवणारही नाहीत. त्यांच्या खिडकीची जाळी, पंखे, बाकांचा रंग कोणाच्या तरी जुन्या अल्बममध्ये मागच्या बाजूला दिसत असतील.

पुढे कोणाला ती लोकल बनवायची झाली, तर तोच फोटो कामाला येणार आहे. तेव्हा घरातले जुने फोटो टाकण्याआधी एकदा बघा. मागे गाडी दिसली, तर पाठीवर साल आणि स्टेशन लिहून ठेवा. साहिब, सिंध आणि सुलतानच्या बाबतीत ते करणारं कोणी नव्हतं.