चवदार तळ्याचा दावा आणि आजची फिर्याद

महाडचा सत्याग्रह आपल्याला तोंडपाठ आहे. २० मार्च हा दिवस उजाडला की आपल्यापैकी कित्येकजण पेण, माणगाव ओलांडून चवदार तळ्यावर जातात. परंतु २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतलेल्या त्या पाण्यासाठी पुढे जवळजवळ दहा वर्षे कोर्टात लढा चालला, याची माहिती आपल्या तरुणांना फारशी नसते. भाषणांत सत्याग्रह येतो, दावा येत नाही. वास्तविक वकील एखाद्या अन्यायाकडे कोणत्या नजरेने पाहतो हे शिकायचे असेल, तर आपल्याच जिल्ह्यातील या दाव्याइतका चांगला धडा नाही. मी स्वतः वकील नाही; बँकेत कारकुनी करणारा कला शाखेचा पदवीधर आहे. पण सही, तारीख आणि पावती यांची किंमत काउंटरवर बसणाऱ्या माणसाला रोज कळते, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा तो ठराव. त्यानुसार जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले. पण ते कागदावरच. सत्याग्रहानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा सनातनी मंडळींनी १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. परिषदेला हजारो लोक जमले होते आणि तळे समोर होते. तरीही बाबासाहेबांनी हुकूम मोडला नाही. सत्याग्रह तहकूब करून त्यांनी लढा कोर्टात नेला. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी तो मनाई हुकूम उठला.

वादींचे म्हणणे दोन प्रकारचे होते. एक, तळे खाजगी आहे. दोन, अस्पृश्यांनी तेथे पाणी भरायचे नाही ही अनादि काळापासूनची रूढी आहे. ८ जून १९३१ रोजी महाड कोर्टाने दावा फेटाळला. ३० जानेवारी १९३३ रोजी ठाण्याच्या कोर्टात अपील फेटाळले गेले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनीही तोच निर्णय कायम केला.

आता येथे नीट लक्ष द्यावे. उच्च न्यायालयाने "अस्पृश्यता बेकायदा आहे" असे म्हटले नाही. वादींना अनादि काळाची रूढी शाबीत करता आली नाही, एवढेच म्हटले. ती शाबीत झाली असती, तर ती रूढी वाजवी आहे की नाही हा पुढचा प्रश्न विचारात घ्यावा लागला असता, असेही नोंदवले. म्हणजे आपण जिंकलो ते पुराव्याच्या मुद्द्यावर, आणि मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला. त्याचे उत्तर भारताच्या संविधानाने दिले. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तळी व घाट यांचा नावानिशी उल्लेख आला. १९३७ साली शाबीत करण्यावर जे अडले होते, ते १९५० पासून शाबीत करण्याची गरजच उरली नाही. पुढे १९५५ चा अस्पृश्यता निवारणाचा कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा हे याच अनुच्छेद १७ च्या पायावर उभे आहेत.

या दुसऱ्या कायद्याबद्दल वकिलांमध्ये आजही दोन मते आहेत. एका बाजूचे वकील म्हणतात, तक्रार आली की लगेच अटक आणि अटकपूर्व जामीनही नाही, यात निरपराध माणसाच्या स्वातंत्र्याचे काय? दुसऱ्या बाजूचे म्हणतात, आधी चौकशी आणि मग गुन्हा असे ठरले, तर गावातली तक्रार चौकशीतच कुजेल. महाराष्ट्रातून गेलेल्या सुभाष काशिनाथ महाजन यांच्या प्रकरणात २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या बाजूला वजन दिले. प्राथमिक चौकशी आणि अटकेपूर्वी मंजुरी आवश्यक केली. तारीखही नेमकी महाडचीच! देशभर असंतोष उसळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घालून या अटी काढल्या. १ ऑक्टोबर २०१९ रोजी पुनर्विलोकनात न्यायालयानेही त्या सूचना मागे घेतल्या. अनुसूचित जातीजमातीचा माणूस कायद्याचा गैरवापरच करील असे गृहीत धरता येणार नाही, असे सांगितले. १० फेब्रुवारी २०२० रोजी कलम १८-अ वैध ठरले. मात्र सकृत्दर्शनी गुन्हाच दिसत नसेल, तर अटकपूर्व जामिनाची बंदी लागू होणार नाही, हेही त्याच निकालात आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या फिर्यादीत कच्चे दुवे राहिले तर नेमके तेथेच बोट ठेवले जाते.

उदाहरणार्थ, जातिवाचक शिवीगाळ ही लोकांच्या नजरेसमोरील जागी झालेली असावी लागते. ५ नोव्हेंबर २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात घराच्या चार भिंतींत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेल्या घटनेला हे कलम लागू झाले नाही. म्हणून जागा कोणती, वेळ काय, कोण हजर होते हे फिर्यादीत आलेच पाहिजे. दुसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान मिळाले ते १९९० च्या दुरुस्तीने. घरात दाखला नसेल तर तो वेळेवर काढून ठेवावा; ऐन प्रसंगी धावपळ नको.

फिर्याद तोंडी दिली तर लिहून घेतलेला मजकूर सहीपूर्वी वाचून दाखवणे हे पोलीस अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. हेतुपुरस्सर टाळाटाळ करणाऱ्या लोकसेवकाला कलम ४ खाली शिक्षाही आहे. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते; ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नये. नोंद घेण्यास नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार करता येते व पुढे दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येते. आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताला सूचना मिळालीच पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. हा कलम १५-अ चा हक्क बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी हरिराम भांभी प्रकरणात स्पष्ट केले आणि तो डावलून दिलेला जामीन रद्द केला.

"वकिलाला पैसे कुठून आणायचे?" हा प्रश्न मात्र घराघरांत असतो. ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात असलेल्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीजमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. ही भीक नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद ३९-अ मधून आलेला तो हक्क आहे.

बँकेत एखादा खातेदार स्लिपची पावती न घेताच निघाला, की आम्ही त्याला हाक मारून परत बोलावतो. उद्या वाद झाला तर त्याच्यापाशी ती पावतीच बोलणार असते. अन्यायाच्या बाबतीत आपण बहुतेकदा पावती न घेता घरी येतो. संताप खरा असतो, साक्षीदारही असतात, पण कागद नसतो, आणि वर्षभराने आरोपी उजळ माथ्याने गावात फिरतो. बाबासाहेबांच्या हाती हजारोंचा जमाव होता. तरी त्यांनी दहा वर्षे तारखा, पुरावे आणि अपिले यांचा पाठपुरावा सोडला नाही. आपल्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी वकिलीकडे वळावे ही इच्छा आहेच. परंतु जे वळणार नाहीत त्यांनीही एवढी वकिली शिकून घ्यावी की, शेजाऱ्यावर प्रसंग आला तर त्याच्याबरोबर ठाण्यात जाता येईल आणि हातात प्रत घेऊनच परत येता येईल.